जंतूही आजारी पडतात

पोरांनो, आपल्या ठाण्यातल्या कोलशेतच्या खाडीचं पाणी बघून तुम्ही नाक मुरडता. ओहोटीला चिखल उघडा पडला की वास येतो, हे मलाही कबूल आहे. पण त्या पाण्यात राहतं कोण कोण, याचा हिशेब कधी केलाय? निवट्या, चिंबोऱ्या आणि तिवरांच्या मुळांना चिकटलेले शिंपले सोडून द्या, ते डोळ्यांना दिसतात. किनाऱ्याजवळच्या समुद्राचं एक मिलिलिटर पाणी, म्हणजे खोकल्याच्या औषधाच्या चमच्याचा पाचवा हिस्सा, घेतलं तर त्यात साधारण दहा लाख जिवाणू असतात. विषाणू मात्र त्यांच्या दहापट, एक कोटीच्या घरात. आणि त्यातल्या बहुतेकांना तुमच्याशी काहीही देणंघेणं नसतं. त्यांचा डोळा जिवाणूंवर असतो.

"म्हणजे जंतूंनाही सर्दी होते?" धाकट्याचा प्रश्न.

सर्दी कसली, थेट मरणच. या विषाणूंना म्हणतात बॅक्टेरिओफेज. प्रयोगशाळेत सगळे नुसतं 'फेज' म्हणतात. टी-४ नावाचा एक प्रसिद्ध फेज आहे, तो आपल्या आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय जिवाणूवर जगतो. वर कंगोरेदार डोकं, खाली शेपूट, शेपटीच्या टोकाला सहा लांब पाय. असे पाच हजार फेज डोक्याला शेपूट लावून रांगेत उभे केले तर जेमतेम एक मिलिमीटर लांबी होईल. त्याला पोहता येत नाही, खाता येत नाही, श्वास घेता येत नाही. पाणी नेईल तिकडे तो वाहत जातो. वाहता वाहता ई. कोलायला पाय लागले की मात्र शेपूट आखडते, जिवाणूच्या भिंतीला भोक पडतं आणि डोक्यात गुंडाळून ठेवलेला डीएनए आत उतरतो. बिचारा जिवाणू त्या क्षणापासून दुसऱ्याचं काम करू लागतो: नवी डोकी, नव्या शेपट्या, नवे पाय. पंचवीस-तीस मिनिटांत आत शे-दोनशे फेज तयार होतात. मग ते आतूनच भिंत विरघळवणारं रसायन सोडतात, जिवाणू फुटतो आणि सगळे बाहेर.

आता यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट नीट ऐका, पुढची सगळी कथा तिच्यावरच उभी आहे. फेज विलक्षण चोखंदळ असतो. आपले कोळी चिंबोरीसाठी फग लावतात. त्या फगात बोईट येत नाही, आणि यावं अशी कोणाची अपेक्षाही नसते. फेजचंही तसंच. कॉलऱ्याच्या जिवाणूवर जगणारा फेज टायफॉइडच्या जिवाणूकडे ढुंकून बघत नाही. इतकंच नाही, एकाच जातीच्या जिवाणूंतल्या चार वाणांपैकी एकाला मारेल, तिघांना सोडून देईल. माणसाच्या पेशींशी तर त्याचं काही जुळतच नाही.

माझी फेजशी पहिली ओळख झाली ती शत्रू म्हणून. मी एका डेअरीच्या प्रयोगशाळेत नोकरीला होतो. तिथे दह्याची टाकीच्या टाकी कधीकधी लागायचीच नाही. दूध चांगलं, तापमान बरोबर, विरजण ताजं, आणि सकाळी बघावं तर टाकीत नुसतं आंबूस पाणचट दूध. घरी तुमच्या आजीचं दही असं कधी फसत नाही, कारण घरच्या विरजणात जिवाणूंचे पुष्कळ वाण असतात. एकाला रोग झाला तर दुसरा काम उरकतो. कारखान्यात चव रोज सारखी हवी म्हणून मोजके निवडक वाण वापरतात, आणि त्यांच्यावरचा फेज एकदा टाकीत शिरला की सगळं मुसळ केरात. दूध पाश्चराइझ केलं तरी काही फेज जिवंत उरतात, इतके ते चिवट. उपाय दोनच. एक म्हणजे टाक्या, नळ्या घासूनपुसून क्लोरीननं धुणं आणि दुसरा म्हणजे विरजणाचे वाण आलटून पालटून वापरणं.

फेज आहे की नाही, हे कसं कळतं? सूक्ष्मदर्शकाची गरज नाही, तुम्हीसुद्धा बघू शकाल. काचेच्या बशीत जेलीसारखं आगर ओततात. त्यावर जिवाणू पसरून रात्रभर उबेत ठेवले की सकाळी बशीभर एकसारखा धुरकट थर येतो. त्या जिवाणूंत फेज मिसळलेला असेल तर थराला गोल गोल भोकं पडलेली दिसतात, टाचणीच्या डोक्याएवढी, कधी मोहरीएवढी, आरपार स्वच्छ. एकेका भोकाच्या जागी रात्री एकच फेज होता. सकाळपर्यंत त्याच्या वंशानं तिथला एकूण एक जिवाणू फोडला. भोकं मोजली की कळतं, थेंबात फेज किती होते. शंभर वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये हीच भोकं बघून एका माणसाला वेड लागलं होतं.

पण त्याच्याकडे जाण्याआधी आग्र्याला जाऊ. अर्नेस्ट हॅनकिन नावाचा इंग्रज तिथल्या सरकारी प्रयोगशाळेत रसायन-परीक्षक होता. हरहुन्नरी माणूस, पुढे यानं गिधाडं कशी तरंगतात यावर पुस्तक लिहिलं आणि मोगल इमारतींवरच्या जाळीच्या नक्ष्यांची भूमितीही उलगडली. त्याला प्रश्न पडला, गंगा-यमुनेत इतकी घाण, प्रेतं, तरी कॉलरा नदीच्या प्रवाहाबरोबर खाली खाली का पसरत जात नाही? त्यानं कॉलऱ्याचे जिवाणू नदीच्या न उकळलेल्या पाण्यात सोडले. काही तासांत मेले. विहिरीच्या पाण्यात मात्र वाढले. नदीचं पाणी जिवाणू अडतील अशा बारीक गाळणीतून गाळलं तरी त्याचा गुण कायम राहिला. उकळलं की गेला. 1896 साली त्यानं हे पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटच्या नियतकालिकात छापलं. त्याला वाटलं, पाण्यात काही उडून जाणारं रसायन असावं. फेज ही कल्पनाच तेव्हा नव्हती. आज बरेच शास्त्रज्ञ म्हणतात की हॅनकिनच्या पाण्यात फेज असावेत. अलीकडे नागपूरच्या 'नीरी' संस्थेनंही गंगेच्या पाण्याचे हे विशेष गुण तपासले.

"म्हणजे गंगाजल औषध!" थोरलीनं निष्कर्ष काढून टाकला.

नाही, बाई. त्या पाण्यात फेज असतील, तसे काविळीचे विषाणूही असतील आणि टायफॉइडचे जिवाणूही. औषध म्हणून नदीचं किंवा खाडीचं पाणी तोंडात घ्यायचं नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

त्याच 1896 च्या सप्टेंबरात मुंबईत, मांडवीला, प्लेगचा पहिला रोगी डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी ओळखला, आणि मुंबई रिकामी होऊ लागली. हाफकिन नावाच्या शास्त्रज्ञ साहेबांनी इथेच प्लेगची लस बनवली आणि जानेवारी 1897 मध्ये आधी स्वतःला टोचून घेतली. परळच्या जुन्या गव्हर्नर बंगल्यात त्यांची प्लेग प्रयोगशाळा 1899 साली थाटली गेली. तीच आजची हाफकिन इन्स्टिट्यूट, केईएम आणि टाटा रुग्णालयाच्या शेजारची. तिचं नाव लक्षात ठेवा, परत येतोय.

आता तो पॅरिसचा वेडा. नाव फेलिक्स द'एरेल. वैद्यकाची पदवी नाही, शिकला तो स्वतःचा स्वतः. लंडनच्या फ्रेडरिक ट्वॉर्टनं 1915 साली अशीच भोकं पाहिली होती, पण तो पुढे गेला नाही. द'एरेलनं हगवणीच्या रुग्णांची विष्ठा गाळली, ते पाणी जिवाणूंवर घातलं, भोकं पडली, आणि 1917 साली त्यानं छातीठोक सांगितलं की जिवाणूंना खाणारा हा एक अदृश्य जीव आहे. बॅक्टेरिओफेज हे नाव त्याचंच. फेजचा फोटो जर्मनीत हेल्मुट रुस्कानं काढला तो 1940 साली. तोवर तेवीस वर्षं हा माणूस न दिसलेल्या गोष्टीसाठी भांडत होता! 1919 साली पॅरिसच्या मुलांच्या रुग्णालयात हगवणीनं आजारी असलेल्या बारा वर्षांच्या मुलाला त्यानं फेज पाजले, पण आदल्या दिवशी स्वतः पिऊन, सहकाऱ्यांनाही पाजून. मुलगा बरा झाला.

पुढे 1925 मध्ये अलेक्झांड्रियाला जहाजावरचे प्लेगचे चार रुग्ण त्याच्या हाती आले. त्यांच्या गाठींत त्यानं प्लेगचा फेज टोचला. चौघंही वाचले. ही बातमी इंग्रज सरकारच्या कानावर गेली आणि द'एरेलला बोलावणं आलं, कुठे? परळला, हाफकिनमध्ये, 1926 साली. पुढच्याच वर्षी तो कॉलऱ्यासाठी परत आला. पंजाबात गावोगावी हिंडला, रुग्णांना फेज पाजले आणि विहिरींतही ओतले. त्यातून सरकारनं मोठी 'बॅक्टेरिओफेज चौकशी' सुरू केली, ती 1936 पर्यंत चालली. पाटण्याला इगोर आशेशोव्ह नावाचा रशियन शास्त्रज्ञ फेज तयार करायचा. आसामात मॉरिसन नावाच्या डॉक्टरनं नौगाव भागात गावच्या मुखियांकडे फेजच्या कुप्या वाटल्या, आणि तुलनेसाठी हबीगंज भाग तसाच ठेवला. हाफकिनमध्ये नायडू आणि आवारी या डॉक्टरांनी प्लेगवर फेज वापरून पाहिला आणि 1932 साली त्यावर शोधनिबंध लिहिला.

म्हणजे बघा, जग ज्याला आज नवा उपचार म्हणतंय त्याची जगातली एक मोठी चाचणी आपल्या देशात, आपल्या आजोबा-पणजोबांवर झाली. आपल्या पाठ्यपुस्तकात त्याचा एक ओळीचाही उल्लेख मी पाहिला नाही.

मग बुडालं कशानं? चोखंदळपणानं. साथीतला जिवाणू एका वाणाचा आणि कुपीतला फेज दुसऱ्या वाणाचा असेल तर ती कुपी म्हणजे निव्वळ पाणी. ते ताडून बघायला प्रयोगशाळा हवी, खेड्यात कुठली? कुप्यांची ताकद टिकत नसे, फेज म्हणजे नेमकं काय याचंच भांडण मिटलेलं नव्हतं. साथ तर आपली आपणही ओसरते, मग श्रेय कुणाला द्यायचं? तेवढ्यात सल्फा औषधं आली. 1940 च्या सुमारास हाफकिनच्याच साहिबसिंग सोखी आणि भालचंद्र दीक्षित यांनी प्लेगवर सल्फाथायाझोल चालतं हे दाखवलं. हे दीक्षित पुढे दिल्लीच्या एम्सचे पहिले संचालक झाले. मागोमाग पेनिसिलिन, स्ट्रेप्टोमायसिन. ही औषधं वाण-बिण बघत नाहीत, समोर येईल त्याला मारतात. डॉक्टरांना तेच सोयीचं होतं, आणि त्यात त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. फेज टिकला तो मुख्यतः जॉर्जियात, तिबिलिसीला. तिथे द'एरेलचा मित्र जॉर्ज एलियावा यानं 1923 साली संस्था काढली होती. त्याला 1937 साली स्टालिनच्या राजवटीनं गोळी घातली, पण संस्था आजही चालू आहे.

दिवस फिरले ते जिवाणूंनी औषधं पचवायला सुरुवात केल्यावर. 2019 या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे जगात थेट 12.7 लाख माणसं गेली. तेव्हा लोकांना परळच्या नाही, पण तिबिलिसीच्या कुप्या आठवल्या. 2016 मध्ये अमेरिकेत सॅन दिएगोला टॉम पॅटरसन नावाचे प्राध्यापक बेशुद्धावस्थेत होते. इजिप्तच्या सहलीत जडलेल्या जिवाणूवर एकही औषध चालेना. त्यांची बायको स्टेफनी स्ट्रॅथडी साथरोगतज्ज्ञ. तिनं जगभर मेल पाठवून त्या जिवाणूला चालणारे फेज मिळवले, ते शिरेतून दिले गेले, आणि प्राध्यापक उठून बसले.

मला मात्र वांग्याची गोष्ट जास्त आवडते. दक्षिण आफ्रिकेत 2010 साली एका विद्यार्थिनीनं अभ्यासक्रमाचा भाग म्हणून फेज शोधला. कुठे? कुजलेल्या वांग्याच्या खालच्या, चिखलानं माखलेल्या बाजूवर. त्याचं नाव 'मडी', म्हणजे चिखल्या. नमुना अमेरिकेत पिट्सबर्गला ग्रॅहम हॅटफुल यांच्या फ्रीजरमध्ये गेला. तिथे विद्यार्थ्यांनीच गोळा केलेले हजारो फेज आहेत. कित्येक वर्षं चिखल्या गोठून पडला होता. मग लंडनहून विचारणा आली. पंधरा वर्षांच्या मुलीचं फुप्फुस बदललंय, टीबीच्या जिवाणूचा एक भाऊबंद शस्त्रक्रियेच्या जखमेतून अंगभर पसरलाय, औषधं हरली आहेत. फ्रीजरमधल्या फेजांपैकी तीनच कामाचे निघाले, त्यातला एक चिखल्या. उरलेल्या दोघांची एक खोड होती, ते जिवाणूला न मारता आत दडून बसत. त्यांचं ते जनुक शास्त्रज्ञांनी कापून टाकलं. जून 2018 पासून मुलीला दिवसातून दोनदा फेज दिले. सहा महिन्यांत जखम भरली, अंगावरच्या गाठी बहुतेक गेल्या, यकृत सुधारलं. जिवाणू शरीरातून समूळ गेला असं कोणी म्हटलं नाही, पण मरणाच्या दारातली पोर घरी गेली.

"दडून बसतात म्हणजे?" थोरलीच्या नजरेतून काही सुटत नाही.

हो, ही फेजची दुसरी बाजू. काही फेज जिवाणूच्या डीएनएत आपला डीएनए शिवून गप्प राहतात आणि कधीकधी त्याला नवं हत्यारही देऊन जातात. कॉलऱ्यात माणसाच्या अंगातलं पाणी ओढून काढणारं जे विष, ते 1959 साली कोलकात्याच्या शंभूनाथ डे यांनी शोधलं. त्या विषाचं जनुक मात्र जिवाणूचं स्वतःचं नव्हे, एका फेजनं आणून दिलेलं, हे 1996 मध्ये कळलं! म्हणून उपचाराला फेज घेताना तो फोडणारा आहे की दडणारा, हे आधी तपासावंच लागतं. हाफकिनच्या काळात हे माहीत असणं शक्यच नव्हतं.

औषधाच्या बाहेरही फेज पोटापाण्याला लागले आहेत. 2006 साली अमेरिकेनं तयार मांसावर लिस्टेरिया नावाच्या जिवाणूविरुद्ध फेज फवारायला परवानगी दिली. मंगळुरूच्या संशोधकांनी कोळंबीच्या बीजकेंद्रांत पिल्लं मारणाऱ्या व्हिब्रिओ जिवाणूवर फेज वापरून पिल्लं वाचवून दाखवली. ठाण्याच्या बाजारात कोळंबीचा भाव ऐकून घाम फुटणाऱ्यांनी ही बातमी जरूर लक्षात ठेवावी. पाणी शुद्ध करणारं यंत्र विषाणू अडवतं की नाही, हे तपासायला एमएस-२ नावाचा निरुपद्रवी फेज पाण्यात सोडतात आणि पलीकडे किती निघाले ते मोजतात. आणि आपल्या सोलापूर-सांगोल्याकडच्या डाळिंबाला छळणारा तेल्या? तोही जिवाणूचाच रोग. शेतकरी त्यावर वर्षानुवर्षं स्ट्रेप्टोमायसिन, म्हणजे माणसाच्या टीबीवरचं औषध, फवारत आले. अमेरिकेत टोमॅटोच्या अशाच ठिपक्यांवर फेजची फवारणी 2005 पासून मान्य आहे. तेल्यासाठी तशी फवारणी शेतकऱ्याच्या हातात पडायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

आणि माझ्या जुन्या वैऱ्यानं तर कमालच केली. 2007 साली डेन्मार्कच्या एका कंपनीतले शास्त्रज्ञ दह्याचे जिवाणू फेजला कसे तोंड देतात ते बघत होते. त्यांना दिसलं की वाचलेला जिवाणू फेजच्या डीएनएचा तुकडा आपल्या डीएनएत जपून ठेवतो, आणि पुढच्या वेळी तो ओळखून फेजला कापतो. ती कापायची व्यवस्था म्हणजे क्रिस्पर; आज जनुकं दुरुस्त करायला सगळं जग ती वापरतंय. फसलेल्या दह्याच्या टाक्या आम्ही नुसत्या गटारात सोडत होतो!

आपल्याकडे वाराणसीला, बनारस हिंदू विद्यापीठात डॉ. गोपाल नाथ यांनी महिनोन्महिने न भरणाऱ्या जखमांवर फेज वापरून चांगले निकाल दाखवले आहेत. बेल्जियममध्ये डॉक्टरनं लिहून दिलं की औषधनिर्माता एकेका रुग्णापुरता फेज तयार करून देऊ शकतो. आपल्याकडे तशी सोय नाही, दुकानात मागून फेज मिळत नाही. अडचण अजून तीच, द'एरेलचीच: आधी रुग्णाचा जिवाणू हाती हवा, मग त्याला चालणारा फेज. त्यासाठी फेजची पेढी हवी, आणि पेढी भरायला शेकडो ठिकाणचं गटार, नदी, खाडी धुंडाळणारे हात हवेत.

म्हणून थोरले, बारावीनंतर मायक्रोबायोलॉजी घेणार म्हणतेस ना, तर कॉलेजात सरांना विचार. हातमोजे घालून, ओहोटी लागताना, कोलशेतच्या जेट्टीवरून बाटलीभर पाणी घ्यायचं, बारीक गाळणीतून गाळायचं आणि प्रयोगशाळेतल्या साध्या, निरुपद्रवी ई. कोलायच्या बशीवर थेंब ठेवायचा. सकाळी भोकं दिसण्याची शक्यता दाट आहे. नवा फेज सापडला तर त्याचं नाव ठेवायचा हक्क शोधणाऱ्याचा असतो.